मंगळवारचा वर्ग

"मावशी, तो झाडू ठेवा आणि इथे उभ्या राहा जरा," नाटकाच्या बाई म्हणाल्या.

मावशीने आधी मागे वळून पाहिलं. सभागृहात दुसरी कुठली मावशी नव्हती. शेवटच्या तीन रांगांखालचे कागद अजून काढायचे होते, खिडक्या लावायच्या होत्या आणि पाच वाजता शेवटची घंटा द्यायची होती. पण बाईंनी बोलावलं म्हटल्यावर जाणं आलं. तिने झाडू भिंतीला टेकवला, हात पुसले आणि ती पायऱ्या चढून वर गेली. एकवीस वर्षं ती रंगमंचाच्या त्या फळ्या पुसत होती. त्यांच्यावर नुसतं उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली.

झालं होतं असं, की शाळांच्या स्पर्धेसाठी बसवत असलेल्या एकांकिकेत आईचं काम करणारी मुलगी काविळीने आडवी झाली होती. अकरावीतली मुलगी. आवाज इतका खणखणीत, की सगळी शाळा तिला कर्णा म्हणायची. डॉक्टरांनी निदान दोन महिने तिला अंथरुणातून उठायला मनाई केली होती. उरलेल्या दहाजणींकडे आपापली कामं होतीच. तेव्हा कर्णा बरी होईपर्यंत बाईंना फक्त समोर उभं राहणारं कुणीतरी हवं होतं.

प्रसंग साधाच होता. आई दोरीवरून काढलेल्या चादरीची घडी घालतेय. मुलगी येऊन सांगते, मला लांबच्या गावी नोकरी लागली आहे, मी उद्या निघणार. मुलगी दोन पानं बोलते. आई शेवटी एकच शब्द बोलते, "जा."

"वाचता येतं ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"सातवी झालीय," मावशी म्हणाली. "पण एकच तर अक्षर आहे."

पोरी हसल्या. मुलीचं काम करणारीला सगळ्या कात्री म्हणत, कारण तिची जीभ तशीच चालायची. तिने तोंडावर हात धरला आणि मग कसंबसं बोलायला सुरुवात केली. मावशीने चादर घेतली. चादर आहे म्हटल्यावर तिची घडी घालायची, तशी ती घालू लागली. टोकाला टोक जुळवलं. एक टोक हातातून निसटलं, ते पुन्हा धरलं. कात्रीची दोन पानं संपली तेव्हा शेवटची घडी राहिली होती. मावशीने ती पूर्ण केली, वरून हात फिरवला आणि मान वर न करता म्हणाली, "जा."

हसणं थांबलं होतं. बाईंनी पुन्हा करायला सांगितलं आणि मावशीने पुन्हा अगदी तसंच केलं.

"बघितलंत?" बाई पोरींना म्हणाल्या. "त्या काहीच करत नाहीयेत."

मावशीला ती तक्रार वाटली. मला कुठे येतंय हे, असं काहीतरी पुटपुटत ती खाली उतरली आणि घंटा द्यायला गेली.

सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तो सव्वीस वर्षं पंप चालवत होता. कधी सकाळची पाळी, कधी दुपारची, कधी रात्रीची. माणूस अबोल. घरी यायचा, आंघोळ करायचा, पुढ्यात आलेलं खायचा आणि झोपायचा. भांडण नाही की लाड नाहीत. एके दिवशी पाळी संपल्यावर बुटाची नाडी बांधायला बाकावर बसला, तो तिथेच कलंडला. त्याच्याबरोबरचे दोघं शाळेत आले तेव्हा मावशी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धूत होती. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "वहिनी, चला." तो कशासाठी आलाय, हे त्याच्या आवाजावरूनच कळलं. चार नळ्या राहिल्या होत्या. तिने त्या धुतल्या, स्टँडवर पालथ्या घातल्या, नळ बंद केला आणि मग ती निघाली. हे तिने पुढे कधीतरी आपल्या मुलीला सांगितलं. सांगायला नको होतं.

त्या दिवशी ती रडली नाही. नंतरही नाही. भेटायला माणसं येत होती, ती सगळ्यांना चहा करत होती, कोण आलं, कोण गेलं, कुणाला अजून चहा मिळाला नाही, हे बघत होती. नणंद तिला ऐकू जाईल अशा बेताने कुणाला तरी म्हणाली, "दगडालासुद्धा पाझर फुटतो एकेकदा." मुलगी लग्न होऊन तीन तासांवरच्या गावी राहायची. तिने परत जाताना दारात विचारलं होतं, "आई, तुला काहीच वाटत नाही का?"

मावशीने तेव्हा खरोखर शोधून पाहिलं होतं. अंगाखाली आलेला पाय बधिर झाला की त्याला काढलेला चिमटा दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला काढल्यासारखा वाटतो, तसं काहीतरी होतं. मुंग्या येतील, मग कळ येईल, मग पाय आपला होईल, असं समजून ती थांबली. आठव्या दिवशी कामावर गेली. मुंग्या आल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी बाईंनी तिला पुन्हा वर बोलावलं आणि त्याच्या पुढच्याही. मुख्याध्यापिकांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, माझी हरकत नाही, घंटा वेळेवर झाली म्हणजे झालं. अशी मावशी त्या वर्गात गेली. शाळेच्या माहितीपत्रकात त्याला 'प्रगत रंगाभिनय' म्हटलेलं होतं. ज्या पोरींनी आदल्या वर्षी साधा अभिनयाचा वर्ग पुरा केला, त्यांनाच तिथे घेत. मावशीचा साधा वर्ग झालेला नव्हता, हे कात्रीने एकदा बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "त्यांचा झालाय. तुझा झालाय की नाही ते बघू."

बाई काही मोठ्या नटी नव्हत्या. तीन शाळांत फिरून शिकवायच्या. आल्या आल्या चपला काढून ठेवायच्या आणि सुजलेले पाय रंगमंचाच्या कडेवरून खाली सोडून बसायच्या. पण शिकवायला लागल्या की त्यांना सगळं दिसायचं. एकदा त्यांनी सगळ्यांना रिकामी बादली भरलेली म्हणून उचलायला लावली. पोरींनी दात-ओठ खाल्ले, कण्हल्या, डुगडुगत चालल्या. मावशीने बादली उचलली तेव्हा तिचा दुसरा हात आपोआप अंगापासून लांब गेला आणि खांदा उलट्या बाजूला कलला. बाईंनी तिला तसंच थांबवलं आणि पोरींना फिरून फिरून तो खांदा बघायला लावला. मावशीला अवघडल्यासारखं झालं. आपल्याला असा खांदा आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पण सगळंच काही असं जमलं नाही. रंगमंचाची उजवी बाजू म्हणजे नटाची उजवी की बघणाऱ्याची, हे तिला तीन मंगळवार कळत नव्हतं, आणि कात्रीच्या अंगावर ती दोनदा आदळली. ऐकायचा सराव असायचा. समोरची बोलेल ते नुसतं ऐकायचं, आपलं वाक्य डोक्यात तयार ठेवायचं नाही. त्यात पोरी तिच्यापेक्षा किती तरी पुढे होत्या. आणि मग एके दिवशी बाईंनी आणखी एक उणीव बोलून दाखवली.

"मावशी, तुम्ही जे करताय ते छान आहे. पण ते तुमचं आहे. ही बाई तुमच्यासारखी नाही. ही मुलीवर चिडलेली आहे. आता ही बाई व्हा."

"कशाने चिडलीय?"

"ते तुम्ही मला सांगायचं."

मावशी घरी गेली तेव्हा हा प्रश्न बरोबर होता. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी तिच्याबरोबर घरी आलं होतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीतली फुलदाणी पुसताना, गच्चीवरच्या टाकीचं झाकण लावताना ती त्या चादरवाल्या बाईचा विचार करत राहिली. मुलीला नोकरी लागली, चार घास सुखाचे मिळतील, यात चिडण्यासारखं काय? गुरुवारी परीक्षानळ्या धुता धुता तिच्या लक्षात आलं. मुलीने विचारलं नव्हतं. नुसतं येऊन सांगितलं होतं. जाऊ का, असं एकदा विचारलं असतं तर आईने हसून पाठवलं असतं.

मंगळवारी तिने बाईंना हे सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "मग आता हा राग दाखवू नका. घडीत घाला."

असं ते चाललं. चादरीचं एकेक टोक कसं ओढायचं, कात्रीच्या कुठल्या शब्दाला हात थांबायचा, थांबलेला हात परत कधी चालू करायचा, यावर एकेक तास गेला. मावशीला हे आवडत होतं का, हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एवढं खरं, की मंगळवार कधी येतो याकडे तिचं लक्ष असायचं आणि बाकीचे वार नुसते जायचे.

शेवटी गाडी त्या शब्दावर आली. "जा" म्हणताना आईच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. आजारी पडण्याआधी कर्णाला ते जमत नव्हतं, म्हणून बाईंनी सगळ्याच वर्गाला ते शिकवायला घेतलं.

"रडायचं नाही," बाई म्हणाल्या. "रडू थांबवायचं. पाणी काढायला गेलात तर तोंड वाकडं होतं, बाकी काही होत नाही. श्वास अर्धा आत घ्या, तिथेच धरा. गिळा. डोळे उघडे ठेवा आणि हातातलं काम करत राहा. रडणाऱ्याकडे लोक दोन मिनिटं बघतात. जो रडत नाहीये, त्याच्याकडे बघत राहतात."

पोरींनी प्रयत्न केले. एकीला शिंका आल्या, कात्रीला उचकी लागली. मावशीलाही पहिले दोन आठवडे काही आलं नाही. तिसऱ्या मंगळवारी सगळं जुळून आलं. चादरीचं टोक तिने जरा जास्त ओढलं, कात्री 'उद्याच' म्हणाली तिथे हात थांबला, अर्धा श्वास घशात अडकून राहिला, समोरचा दिवा डोळ्यांत आला. तिने गिळलं. हात पुन्हा चालू झाले. "जा," ती म्हणाली, आणि दोन्ही गालांवरून पाणी ओघळून चादरीवर पडलं.

समोर बसलेल्यांपैकी एक मुलगी हुंदके देऊ लागली. कात्रीने निघून जायचं होतं, ती जागीच खिळली. मावशीला हे सगळं स्पष्ट दिसत होतं. तिसऱ्या रांगेतल्या बाकाचा एक खिळा वर आलाय, कुणाचा तरी गणवेश फाटेल, सुताराला सांगायला हवं, हेही तिला दिसलं. आत काही हललं नव्हतं. गाल तेवढे ओले होते.

आणि सभागृहाच्या दारात, खांद्याला पिशवी अडकवून, तिची मुलगी उभी होती.

मुलगी कसल्याशा दाखल्यासाठी गावात आली होती. काम लवकर आटोपलं म्हणून घराची किल्ली घ्यायला शाळेत आली. कार्यालयात कुणीतरी सांगितलं, मावशी वर सभागृहात आहेत. ती कधीपासून दारात होती कोण जाणे. मावशी डोळे पुसत खाली आली आणि दोघी व्हरांड्यातल्या पाण्याच्या नळापाशी गेल्या.

"किती दिवस चाललंय हे?" मुलीने विचारलं.

"दर मंगळवारी असतं. दोन महिने झाले."

"तू रडत होतीस."

"ते रडणं नाही. ते शिकवलेलं असतं. श्वास असा अर्धा घ्यायचा आणि..."

"आई." मुलीने तिला थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "बाबांना आणलं तेव्हा तू किती कप लागतील ते बघत होतीस. मी तुझ्या गळ्यात पडले तर म्हणालीस, दूध उतू जाईल. आणि इथे या पोरींसमोर, एका चादरीवर..."

"ते खोटं होतं गं."

"मग खरं कुठंय? ते दाखव की कधीतरी. मला तरी दाखव."

मावशीने तोंड उघडलं. काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलणार होती. तेवढ्यात व्हरांड्यातल्या घड्याळाकडे तिचं लक्ष गेलं. पाचला एक मिनिट कमी होतं.

"थांब, घंटा देऊन येते," ती म्हणाली.

घंटा देऊन ती परत आली तेव्हा नळापाशी कुणी नव्हतं. वर्ग सुटले होते, मुलींचे लोंढे जिन्यावरून उतरत होते. त्यांच्यातून वाट काढत ती फाटकापर्यंत गेली. फाटकाशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याने सांगितलं, ताई बसथांब्याकडे गेल्या.

मुलगी दर रविवारी सकाळी फोन करायची. त्या रविवारी आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी मावशीनेच लावला. जावयाने उचलला आणि ती आंघोळीला गेलीय, सांगतो, असं म्हणाला. जावई माणूस चांगला होता, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. मागून मुलीचा आवाज येत होता.

मधल्या एका मंगळवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी मावशीने बाईंना एकटीला गाठलं. बाई नेहमीसारख्या पाय खाली सोडून बसल्या होत्या.

"बाई, ते डोळ्यांत पाणी येतं, ते खरं की खोटं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मुलगी येऊन गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं, पण त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं.

"पाणी खरं असतं," त्या म्हणाल्या. "ते कुठून येतं, मला माहीत नाही. वीस वर्षं शिकवतेय, पण माहीत नाही." मग त्या म्हणाल्या, "माझी आई गेली त्या आठवड्यात माझे चार प्रयोग होते. चारही झाले. चांगले झाले."

आणखी काही सांगतील म्हणून मावशी उभी राहिली. पोरी आल्या, वर्ग सुरू झाला.

स्पर्धेला पंधरा दिवस राहिले तेव्हा कर्णा परत आली. वाळून काडी झाली होती, आवाज मात्र होता तसाच. तिला पाहून सगळ्या पोरींनी एकच गलका केला. मावशीने खुर्चीवर ठेवलेली चादर उचलली आणि तिच्या हातात दिली. बाई म्हणाल्या, मावशी, तुम्ही केलंत ते हिला एकदा दाखवा. मावशीने दाखवलं. टोक कुठे ओढायचं, हात कुठे थांबवायचा, मान का वर करायची नाही, सगळं. कर्णा वहीत लिहून घेत होती. दोन तास मावशीने हातचं काही राखलं नाही. ती बाई मुलीवर का चिडलीय, हेसुद्धा सांगितलं. मग खाली उतरून तिने शेवटच्या रांगांखालचे कागद काढले.

स्पर्धा दुसऱ्या एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होती. सामान उचलायला आणि पडदा ओढायला माणूस हवा, म्हणून मावशीला नेलं होतं. पडद्याची दोरी धरून ती विंगेत उभी राहिली. तिथून कर्णा एका बाजूने दिसत होती. पहिली पाच मिनिटं सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे चाललं. मग कात्री 'उद्याच' म्हणाली आणि कर्णाचा हात थांबला नाही. उलट भराभर चालू लागला. तिने चादरीचा बोळा केला, तो छातीशी धरला, मान वर करून मुलीकडे सरळ पाहिलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "जा!" डोळे कोरडे ठणठणीत होते. सभागृहात टाळ्या झाल्या.

मावशीने पडदा ओढला. कर्णाने केलं ते वाईट नव्हतं. त्या पोरीची आई बहुतेक अशीच म्हणाली असती, जा. इतके दिवस मावशीने घडवलेली ती मान खाली घातलेली बाई तिथे कुठे नव्हती. तिला दहा पोरींनी आणि एका बाईंनी पाहिलं होतं. आणि दारातून आणखी एकीने.

एकांकिकेला तिसरं बक्षीस मिळालं. परतताना गाडीत पोरी दंगा करत होत्या. कर्णा उठून मावशीच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "मावशी, ऐन वेळी तुमचं नाही आलं. आपोआप झालं तसं. रागावलात?"

"छे गं," मावशी म्हणाली. "तुझं तू केलंस."

उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. ती इकडचं तिकडचं काही बोलली नाही. पंपघरातून तिला फोन आला होता. बाबांच्या कागदांवर तिचा नंबर होता. तिथलं त्यांचं कपाट अजून तसंच आहे, नवीन माणसाला ते हवंय, कुणीतरी येऊन सामान घेऊन जा, असा निरोप होता. मी एकटी जाऊन आणते, असं मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "येतेस का तू?"

पंपघर गावाबाहेर होतं. सव्वीस वर्षांत मावशी तिथे एकदाही गेली नव्हती. नवरा डबा बरोबर घेऊन जायचा, जायचं कारणच पडलं नव्हतं. दोघी पोचल्या तेव्हा पाळीवरचा ऑपरेटर बाहेर येऊन उभा राहिला. तरुण होता, संकोचलेला होता. काकू, घाई नव्हती, साहेबांनीच सांगितलं म्हणून फोन केला, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. त्याने त्यांना आत नेलं. जाड लोखंडी नळ, तीन मोठे पंप, तेलाचा वास. त्या वेळी एकही पंप चालू नव्हता. कोपऱ्यात पत्र्याचं उभं कपाट होतं.

कपाटात फारसं काही नव्हतं. हुकाला एक सदरा, कोपरांशी अजून वाकलेला. कंगवा. साबणाची वडी, अर्धी झालेली. कानात घालायचा कापूस एका जुन्या डबीत. मुलीने एकेक वस्तू पिशवीत भरली. मग कपाटाचं दार पूर्ण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. तो मावशीच्या शाळेचा होता. वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी. दर वर्षी ती घरी आणायची आणि नंतर तो कागद कुठे जातो याचा तिने कधी विचार केला नव्हता. काही तारखांभोवती पेन्सिलीने गोल केले होते.

"त्या तारखांना ते पाळी बदलून घ्यायचे," ऑपरेटर म्हणाला. "माझ्याशीच बदलायचे. घरी मंडळी असतात म्हणायचे."

मावशीला ते दिवस आठवले. शाळेला सुट्टी असली की नेमकी त्याची दुपार मोकळी असायची. तिला वाटायचं, योगायोग. दोघं घरी असायचे. ती निवडणं-टिपणं करायची, तो खिडकीशी बसायचा. कुणी काही बोलायचं नाही.

मुलीने कपाटाच्या दाराला डोकं टेकलं आणि ती रडू लागली. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मुलीने मान वळवून आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो नेहमीसारखाच होता. तरी पाठ तिने काढून घेतली नाही.

ऑपरेटरने घड्याळात पाहिलं. चार वाजले होते, टाकी भरायची वेळ झाली होती. पंप सुरू करावा लागेल, आवाज फार होतो, तुम्ही बाहेर थांबा हवं तर, असं तो म्हणाला. मुलगी पिशवी घेऊन निघाली. मावशी जागची हलली नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, थोडा वेळ वाट पाहिली आणि मग खटका वर केला.

आधी नुसती घरघर आली. मग आवाज वाढत गेला, फरशीतून पायांत आला, छातीत शिरला, दातांत आला. पत्र्याचं कपाट थरथरू लागलं. दारात उभी राहून मुलगी हाताने चल म्हणून खुणावत होती. तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. रोज आठ तास, सव्वीस वर्षं, तो या आवाजात बसला होता आणि मग घरी येत होता.

मावशी उघड्या कपाटाकडे वळली.

"अहो," ती म्हणाली.

तिचं तिलाही ऐकू आलं नाही.